इंजिन बंद पडलं म्हणून विमान पडत नाही. मग कशानं पडतं?

मांडवीकाठ (धागाकर्ता)

लहान विमान कोसळल्याची बातमी आली की आपल्याकडे पहिलं वाक्य ठरलेलं असतं, "इंजिन बंद पडलं असणार." पणजीत काय, वास्कोत काय, सगळीकडे हेच. पण इंजिन बंद पडल्यावर विमान दगडासारखं खाली येत नाही. सेसना १७२ सारखं साधं चार आसनी विमान इंजिनाशिवाय एक हजार फूट उंची खर्चून साधारण पावणेतीन किलोमीटर तरंगत जातं. तेवढ्यात शेत, रस्ता, किनारा काहीतरी सापडतं आणि माणसं बऱ्याचदा चालत बाहेर येतात. माणसं जातात ती विमान ताब्यातून सुटतं तेव्हा. अमेरिकेत हौशी आणि खासगी विमानांच्या प्राणघातक अपघातांत हा प्रकार वर्षानुवर्षं पहिल्या क्रमांकावर आहे. इंजिन कुरकुरणं ही कित्येकदा फक्त सुरुवात असते.

ज्याची चौकशी बारकाईनं झाली आहे असं एक जुनं प्रकरण मांडतो. १२ ऑक्टोबर १९९७, कॅलिफोर्नियातलं माँटेरे. गायक जॉन डेन्व्हर हे नव्यानं घेतलेलं लाँग-ईझी हे घरी बांधलेलं दोन आसनी विमान एकटेच उडवत होते. उड्डाणाचा अनुभव २,७०० तासांच्या वर, पण या जातीच्या विमानाचा जेमतेम. संध्याकाळी साडेपाचच्या सुमारास विमान किनाऱ्यालगत समुद्रात कोसळलं. पाहणाऱ्यांच्या सांगण्याप्रमाणे उंची साधारण ३५० ते ५०० फूट होती. इंजिनाचा आवाज अडखळला आणि विमान एकदम कलंडून नाकावर खाली गेलं.

कारण होतं पेट्रोलचा कॉक. जुन्या स्कूटरला रिझर्व्हचा कॉक पायाशी असायचा, न बघता हात जायचा. लाँग-ईझीच्या मूळ आराखड्यातही टाकी बदलायचा कॉक पायलटच्या पुढ्यात, दोन पायांच्या मधे आहे. हे विमान बांधणाऱ्यानं तो पायलटच्या डाव्या खांद्यामागे, पाठीमागच्या भिंतीवर बसवला. त्याचाही हेतू वाईट नव्हता, पेट्रोलची नळी माणूस बसतो तिथून जाऊ नये एवढाच होता. पण परिणाम असा की टाकी बदलायची तर उजवा हात विमान चालवायच्या काठीवरून काढायचा, खांद्याचे पट्टे सैल करायचे, कमरेपासून वरचं अंग डावीकडे नव्वद अंश वळवायचं आणि मग मूठ फिरवायची. मुठीवर खुणा नाहीत. टाकीत किती पेट्रोल उरलंय ते दाखवणाऱ्या काचाही मागच्या आसनाजवळ, त्यांच्यावरही आकडे नाहीत. मुठीला हात पोचत नाही हे उड्डाणापूर्वी कळलं होतं. पकड लावून ती लांबवायचा प्रयत्नही झाला, तो जमला नाही. काचा दिसाव्यात म्हणून मेकॅनिकनं आरसा दिला. पेट्रोल भरू का विचारलं, तर तासाभराचंच उड्डाण आहे म्हणून नको म्हणाले.

अमेरिकेच्या वाहतूक सुरक्षा मंडळानं तसंच आसन घेऊन तपासलं. अंग डावीकडे पिळलं की आधारासाठी उजवा पाय आपोआप ताणला जातो, आणि तो ताणला जातो उजव्या रडरच्या (नाक डावी-उजवीकडे वळवणाऱ्या उभ्या पात्याच्या) पेडलवर. मंडळानं दिलेलं कारण हेच: कॉक फिरवताना लक्ष उडालं आणि नकळत उजवा रडर दाबला गेला. पेट्रोल न भरणं हेही कारणांतच धरलं. कॉकची जागा, खुणा नसणं आणि नव्या विमानाची अपुरी तयारी हे हातभार लावणारे घटक.

जाणकारांनी पुढे लिहावं. वळणातल्या स्टॉलबद्दल (पंखाची उचल एकदम संपणं) विशेष, कारण हाही तोच प्रकार दिसतो.

वाऱ्याची दिशा

मांडवीकाठ बाब, मांडणी चांगली आहे, पण शेवटच्या वाक्याला आधी अडवतो. डेन्व्हर यांचा अपघात वळणातला स्टॉल नव्हे.

लाँग-ईझीला पुढे छोटा पंख असतो, मुख्य पंख मागे, प्रोपेलर त्याच्याही मागे. काठी ओढत गेलं तर पुढचा छोटा पंख आधी दम सोडतो, नाक आपोआप खाली जातं आणि मुख्य पंख स्टॉलपर्यंत पोचतच नाही. आराखड्याची सगळी हुशारी तिथेच आहे. पण या विमानाचे रडर शेपटीला नसून मुख्य पंखांच्या टोकांवरच्या उभ्या पात्यांत असतात. उजवं पेडल दाबलं की फक्त उजवं पातं बाहेर उघडतं. नाक उजवीकडे वळतं, मागे झुकलेल्या पंखांपैकी डावा वाऱ्याला जास्त सामोरा येतो, त्याची उचल वाढते आणि विमान उजवीकडे कलंडतं. त्या क्षणी हात काठीवर नाही, डोळे पाठीमागे, पट्टे सैल. चारशे फुटांवर एवढं पुरतं. म्हणजे स्टॉल न होताही ताबा सुटतो. स्टॉल हा त्यातला एक दरवाजा, सगळ्यांत जास्त वापरातला.

आता त्याबद्दल. पंख हवेला ज्या कोनात भेटतो तो कोन साधारण १५-१६ अंशांच्या पुढे गेला की वरच्या बाजूनं वाहणारी हवा पंखाला सोडते आणि उचल कोसळते. वेगाचा संबंध येतो तो या कोनामार्फत. सरळ उडताना हा कोन एका ठरावीक वेगाला गाठला जातो, तो आपण पुस्तकात स्टॉलचा वेग म्हणून वाचतो. वळणात तो आकडा लागू पडत नाही. उंची राखून वळायचं तर पंखाला विमानाच्या वजनापेक्षा जास्त उचलावं लागतं. ३० अंश कलवलं तर १.१५ पट, ४५ अंशांत १.४१ पट, ६० अंशांत दुप्पट. स्टॉलचा वेग याच्या वर्गमुळानं वाढतो: ३० अंशांत साधारण ७ टक्के, ४५ मध्ये १९, ६० मध्ये ४१.

हलकं दोन आसनी विमान घ्या, सरळ उड्डाणात ३५ नॉटला (ताशी सुमारे ६५ किलोमीटरला) स्टॉल होणारं. उतरताना त्याचा वेग १.३ पट, म्हणजे ४५-४६ नॉट ठेवतात. ४५ अंशांच्या वळणात स्टॉल पोचला ४२ वर. हातात उरले चार नॉट, एवढं तर वाऱ्याच्या एका झुळकीनं जातं. ६० अंशांत स्टॉल ४९ वर, म्हणजे विमान आधीच त्याच्या पलीकडे आहे.

आपल्या हवेत हे कुठे घडेल ते सांगतो. धावपट्टी पूर्व-पश्चिम धरा, दाबोळीची ०८-२६ आहे तशी. फेब्रुवारी ते मे दुपारनंतर वारा समुद्रावरून, बहुतेक वायव्येचा. उतरायचं पश्चिमेकडे तोंड करून. सर्किट (उतरण्याआधीची धावपट्टीभोवतीची चौकोनी फेरी) उजव्या हाताचं असेल तर शेवटून दुसरा टप्पा, बेस, उत्तरेकडून दक्षिणेकडे येतो आणि वायव्येचा वारा पाठीशी लागतो. विमान जमिनीवरून अपेक्षेपेक्षा भराभर सरकतं. धावपट्टीची रेघ बघता बघता ओलांडली जाते. आता परत रेघेवर यायला जास्त वळायला हवं, पण जमिनीजवळ पंख जास्त कलवायला मन धजत नाही. मग पाय मदतीला येतो. उजवं पेडल दाबून नाक ओढलं जातं. डावा, बाहेरचा पंख जोरात फिरतो, त्याची उचल वाढते, कल आणखी वाढू लागतो. तो रोखायला काठी डावीकडे जाते. काठी डावीकडे म्हणजे उजव्या, आतल्या पंखाचा एलेरॉन (पंखाच्या मागच्या कडेचं हलतं पातं) खाली, म्हणजे त्याच पंखाचा कोन आणखी मोठा. नाक खाली झुकतंय म्हणून काठी मागेही ओढली जाते. आतला पंख आधीच मंद, आता त्याचा कोनही सगळ्यांत मोठा. तो एकटा स्टॉल होतो आणि विमान उजवीकडे पाठीवर जातं.

इथून सोडवायची रीत ठाऊक असून उपयोग होत नाही, कारण उंची नाही. रीत अशी: पॉवर बंद, एलेरॉन मध्यावर, फिरण्याच्या उलट दिशेचा रडर पूर्ण, मग काठी पुढे, फिरणं थांबलं की रडर मध्यावर आणून नाक हळूहळू वर. सेसना १५२ ला एका फेऱ्याची स्पिन (गिरकी घेत पडणं) आणि तिच्यातून बाहेर येणं यात सुमारे हजार फूट जातात. बेसवरून फायनलला, म्हणजे धावपट्टीच्या रेघेवरच्या शेवटच्या टप्प्याला, वळताना खाली चारशे-पाचशे फूट असतात.

साखळीकर

दोन शंका. एक, पायलटला हे होताना कळत कसं नाही? स्टॉलची शिट्टी वाजते ना? दोन, संजय गांधींचा अपघात यातच मोडतो का?

वाऱ्याची दिशा

शिट्टी असते तिथे ती स्टॉलच्या ५ ते १० नॉट आधी वाजते. पण कित्येक हलक्या विमानांना ती नसतेच, आणि जिथे असते तिथे ती बहुधा एकाच पंखावर. पंखाची थरथर, काठी ढिली लागणं या खुणा सरळ स्टॉलमध्ये चांगल्या मिळतात. पायानं ओढलेल्या वळणात त्या फार थोड्या मिळतात किंवा मिळण्याआधीच पंख गेलेला असतो.

खरी खूण म्हणजे पायलटसमोरच्या घड्याळातला बॉल. वळण साफ असेल तर काचेच्या नळीतला बॉल मध्यावर. उजव्या वळणात उजवा पाय जास्त झाला की बॉल डावीकडे, बाहेर पळतो. बॉल ज्या बाजूला गेला त्या बाजूचं पेडल दाबलं की तो परत येतो. फायनलच्या वळणात बॉल बाहेर दिसला तर पाय सैल आणि काठी थोडी पुढे, रेघ गेली तर जाऊ दे. कल ३० अंशांपलीकडे न्यावा लागत असेल तर पॉवर लावून पुन्हा फेरी मारायची.

प्रोपेलर मागे असलेल्या विमानांत याहून स्वस्त उपाय आहे. समोरच्या काचेच्या बरोबर मधोमध, बाहेरून, बोटभर लोकरीचा धागा चिकटपट्टीनं एका टोकाला चिकटवा. साफ उड्डाणात तो सरळ वर काचेला धरून राहतो. विमान तिरकं जाऊ लागलं की धागा लगेच कलतो, बॉलपेक्षाही आधी. धागा डावीकडे गेला तर उजवं पेडल. बॉलच्या उलट आहे, हे पाठच करून ठेवायचं. प्रोपेलर पुढे असेल तर त्याच्या वाऱ्यानं धागा खोटं सांगतो, तिथे लावू नये.

संजय गांधींचा अपघात वेगळा. २३ जून १९८०, दिल्लीचं सफदरजंग, पिट्स एस-२ए हे कसरतींचं विमान, ते आणि सोबतचे कॅप्टन दोघेही गेले. कमी उंचीवर कसरत आणि बाहेर काढायला उंची अपुरी, हा त्याचा गाभा. ७ नोव्हेंबर २०१७ ला फ्लोरिडाच्या किनाऱ्यावर बेसबॉलपटू रॉय हॅलाडे यांचा मृत्यू झाला तोही याच्या जवळचा. त्यांचं आयकॉन ए५ हे स्पिनला दाद देऊ नये असं मुद्दाम घडवलेलं विमान, पंखाचा कोन दाखवणारं घड्याळ पायलटच्या नजरेसमोर. तरी पाण्यालगत तीव्र चढ-उतार करताना गेलं. चौकशीत अमली द्रव्यांचा परिणामही नोंदला आहे. यंत्र किती सोशिक आहे यानं उंचीची उणीव भरून निघत नाही.

रिवेट

पायलटच्या चुकांवर बरंच झालं. ताबा सुटायला पेडलपासून रडरपर्यंतची वायरही कारण होते, आणि आपल्या किनाऱ्यावर तिचा शत्रू मीठ आहे.

हलक्या विमानांत रडर आणि एलेव्हेटर (नाक वर-खाली करणारं पातं) बहुधा पोलादी वायरदोरानं चालतात. सात पिळांची, प्रत्येक पिळात १९ तारा, अशी वायर कप्पीवरून जायला लवचिक म्हणून वापरतात. तुटायची सुरुवात नेमकी कप्पीजवळ आणि जिथे ती मार्गदर्शक छिद्रातून जाते तिथे होते. तपासायचं असं: पेडल पूर्ण पुढे-मागे करायला एकाला बसवा, म्हणजे एरवी कप्पीत दडलेला भाग बाहेर येतो. सुती फडकं वायरीभोवती धरून सावकाश ओढत जा. तार तुटली असेल तिथे धागा अडकतो. उघड्या बोटांनी करू नका, तुटलेली तार खिळ्यासारखी घुसते. बाहेरून चकचकीत वायरही आतून गंजलेली असू शकते. संशय आला तर ताण सोडून वायर हातानं उलट पिळा, पिळांमधून तांबूस भुकटी पडली तर वायर बदलायची, तेल लावून भागवायचं नाही.

टर्नबकलच्या (वायरीचा ताण कमी-जास्त करायच्या स्क्रूच्या) दोन्ही टोकांना तीनपेक्षा जास्त आटे बाहेर दिसता कामा नयेत, आणि सेफ्टी वायर आहे ना ते बोट लावून बघायचं, नुसतं नजरेनं नाही. खाचांच्या नटांना कॉटर पिन आहे का, जुनीच पिन परत वापरली आहे का. बिजागरीचा पिन बाजूला सरकलाय का. समुद्रालगत उडालेलं विमान त्याच दिवशी गोड्या पाण्यानं धुवायचं, पण दाबाच्या फवाऱ्यानं नाही. त्यानं मीठ बेअरिंगच्या आत जातं. ॲल्युमिनियमच्या नळीत स्टीलचा बोल्ट बसतो तिथे पांढरी भुकटी दिसली की बोल्ट काढून आतलं भोक बघायचं.

दुरुस्तीनंतरच्या पहिल्या उड्डाणाआधी एक गोष्ट कधीच चुकवू नये. काठी डावीकडे केली की डावा एलेरॉन वर गेलाच पाहिजे. "मोकळी हलते" एवढी तपासणी पुरत नाही. वायरी उलट जोडल्या तरी काठी मोकळीच हलते.

आता पेट्रोल. रोटॅक्स ९१२ जातीची इंजिनं जास्तीत जास्त दहा टक्के इथेनॉल असलेलं पेट्रोल मान्य करतात. आपल्या पंपांवर आता वीस टक्क्यांचं मिळतं. "गाडीत चालतं" हा युक्तिवाद इथे करू नका. रबरी नळ्या, कार्ब्युरेटरचे तरंगते गोळे, टाकीचं फायबर, सगळ्यांवर परिणाम होतो. शिवाय इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं, आणि गोव्याच्या हवेत पाण्याला तोटा नाही. ठरावीक मर्यादेनंतर पाणी आणि इथेनॉल दोन्ही मिळून तळाशी उतरतात, आणि टाकीची नळी तळातूनच ओढते.

घरच्या घरी मोजता येतं. १०० मिलीची खुणांची काचनळी घ्या, १० मिली पाणी, वर ९० मिली पेट्रोल. तोंड बंद करून हलवा, दहा मिनिटं स्थिर ठेवा. खालचा पाण्याचा थर १० वरच राहिला तर इथेनॉल नाही. १९ च्या आसपास गेला तर दहा टक्के. २८ च्या आसपास गेला तर वीस. मोकळ्या जागेत, विडी-सिगरेट-मोबाइलपासून लांब करा.

उन्हात उभ्या विमानात दुसरा त्रास. उतरून वीस मिनिटं थांबून परत उडायचं म्हणजे इंजिनाची उष्णता नळीतल्या पेट्रोलला लागते, बुडबुडे धरतात आणि नेमकं चढताना इंजिन अडखळतं. हवा खेळेल असं तोंड वाऱ्याकडे करून ठेवा, वरचं झाकण उघडा, आणि पट्टीवर जाण्याआधी पूर्ण पॉवरवर काही वेळ चालवून बघा.

साखळीकर

चढताना अडखळलं, तर धावपट्टी मागेच आहे, तिथेच वळून का उतरू नये?

मांडवीकाठ

हाच मोह जीव घेतो. तीनशे फुटांवर इंजिन गेलं असं धरा. चढताना नाक वर असतं आणि हलक्या विमानाला वजनाच्या मानानं हवेचा अडथळा फार, त्यामुळे दोन-तीन सेकंदांत वेग स्टॉलकडे घसरतो. माणसाला "बंद पडलं" हे पटायलाच तेवढा वेळ जातो. पहिलं काम म्हणजे काठी पुढे, लगेच आणि ठामपणे. मागे वळायचं तर १८० अंश पुरत नाहीत. वळून आलात की धावपट्टीच्या बाजूला असता, रेघेवर यायला पुन्हा दोन्हीकडे वळावं लागतं. सगळं मिळून अडीचशे अंशांच्या घरात जातं. तेवढं वळण तीनशे फुटांत बसवायला जो कल द्यावा लागतो त्याचं गणित वर वाऱ्याची दिशा यांनी दिलंच आहे. वर वारा आता पाठीशी, म्हणून जमीन भराभर पळताना दिसते आणि वेग भरपूर आहे असं वाटतं.

म्हणून समोरच्या ६० अंशांत, डावीकडे-उजवीकडे तीस-तीस, जे मिळेल ते. आपल्याकडे काय मिळतं हे उड्डाणाआधीच बघून ठेवायचं. सरद (पावसाळी) शेती कापल्यावर नोव्हेंबर-डिसेंबरात शेतं कोरडी, बरी. जानेवारी ते मार्च वायंगणीचं (पावसाळ्यानंतरच्या पिकाचं) भात उभं असतं, वरून हिरवं गवत वाटतं, खाली चिखल. चाक रुतून विमान पालथं होतं. तिथे उतरावंच लागलं तर सगळ्यांत कमी वेगानं, फ्लॅप (वेग कमी ठेवायला पंखामागून उघडणारी पाती) पूर्ण, दारं आधीच उघडी. खाजन (खाडीकाठच्या बांध घातलेल्या) जमिनीत बांधांच्या लांबीला समांतर उतरा, बांध आडवा घेऊ नका. सड्यावर (कातळाच्या पठारावर) जांभा दगडाचे डोळे बाहेर आलेले असतात, चाक तुटेल, पण माणूस वाचतो. माडांची बाग शेवटचा पर्याय: दोन माडांच्या मधून अंग जाऊ द्या, पंख जाऊ देत. किनारा सपाट दिसतो, पण लोक असतात, आणि भरतीला पुळणीचा उतार पंख टेकवतो. अशा वेळी ओली कडक वाळू धरून, पाण्याच्या रेघेला समांतर.

उष्णतेचंही एक. एप्रिलात ३४ अंश म्हणजे समुद्रसपाटीच्या प्रमाण तापमानापेक्षा १९ अंश जास्त. दर अंशाला १२० फूट धरले तर हवा २,३०० फुटांवरच्या हवेइतकी पातळ. धाव प्रत्येक दहा अंशांना अंदाजे दहा टक्के वाढते, म्हणजे इथे वीसच्या आसपास. चढ कमी, म्हणजे त्याच झाडांवरून कमी उंचीनं जाणं, म्हणजे वर सांगितलेल्या सगळ्याला जागा आणखी कमी. वजनात हयगय करू नये ती यासाठी. समजा, एकूण वजनाची ४५० किलोची मर्यादा, रिकामं विमान २८० किलो, दोन माणसं ८० आणि ७५ किलोंची. उरले १५ किलो, म्हणजे साधारण २० लिटर पेट्रोल. एवढंच. टाकी ६० लिटरची आहे म्हणून भरायची नसते.

तेरेखोल

पॅराग्लायडर आणि पॉवर हँग ग्लायडर (तिकोनी पंखाखाली टांगलेलं, इंजिनाचं) यांचं गणित वेगळं आहे, तेही इथे असावं, कारण पेडण्याकडे लोक जास्त करून तेच बघतात. जानेवारी २०२५ मध्ये केरीच्या सड्यावरून निघालेल्या पॅराग्लायडरच्या अपघातात पर्यटक आणि चालक दोघांचा मृत्यू झाला. त्या प्रकरणात कोणाची चूक यावर इथे अंदाज बांधू नयेत ही विनंती.

सामान्य गोष्टी सांगतो. पॅराग्लायडरला ताठ पंख नाही. दोन्ही ब्रेक (हातातल्या दोऱ्या) खूप खोल ओढले तर तो स्टॉल होतो, एकच ओढला तर त्या बाजूनं मागे फिरतो, स्पिन. तशात घाबरून ब्रेक एकदम सोडला तर छत्री पुढे झेपावते, तेव्हा थोडा ब्रेक धरावा लागतो. कड्यावर वारा समुद्राकडून कड्याला काटकोनात हवा. तो तिरका झाला तर उचल घटते. कड्याच्या काठापासून मागे, सड्यावर, वाऱ्याचं उलटं भोवऱ्यासारखं फिरणं असतं. तिथे मागे वाहत गेलेला माणूस खाली दाबला जातो. म्हणून काठाच्या पुढेच राहायचं आणि वारा ताशी २५ किलोमीटरच्या वर गेला तर टँडेम (चालकासोबत पाहुणा) उडवायचंच नाही. निघण्याआधी पाहुण्याच्या मांड्यांचे दोन्ही पट्टे आणि छातीचा पट्टा चालकानं स्वतः हात लावून बघायचे. मांडीचा पट्टा राहिला तर माणूस उडाल्यावर आसनातून खाली घसरतो, आणि हवेत तो परत बसवता येत नाही.

पॉवर हँग ग्लायडरला रडर नसतो. दांडा पुढे ढकलला की नाक वर, ओढला की खाली, विमानाच्या काठीच्या बरोबर उलट. विमानावरून इकडे आलेल्याचा हात घाईच्या क्षणी जुन्या सवयीनं चालतो.

सत्तरीची वाट

मी वेगळ्या बाजूनं लिहिते. सड्यावर, शेतात पडलेल्या विमानाजवळ पहिले पोचतात ते गावकरीच. त्यांना माहीत असावं असं:

११२ आणि १०८ ला फोन करताना जवळचं देऊळ, चॅपेल, पूल सांगा, "शेतात" एवढं नको. वारा ज्या बाजूनं येतो त्या बाजूनं जवळ जा, पेट्रोलचा वास आला तर मोबाइल आणि गाड्या लांब. माणूस शुद्धीवर असेल आणि आग नसेल तर मान न हलवता तसंच ठेवा. आग असेल तर पट्टा कापून काढा, बाकीचा विचार नंतर.

काही हलक्या विमानांना संपूर्ण विमान पेलणारं पॅराशूट असतं, ते रॉकेटनं बाहेर फेकलं जातं. अपघातात ते उडालेलं नसेल तर अजूनही उडू शकतं. विमानावर त्रिकोणी इशारा चिकटवलेला असतो, आत लाल मूठ असते. त्या मुठीला हात लावायचा नाही, तिच्यापासून जाणारी जाड केबल कापायची नाही, आणि रॉकेट बाहेर पडतं त्या दिशेला उभं राहायचं नाही. अग्निशमन दलाला पोचताच हे आधी सांगा.

जखमींना हलवल्यावर बाकी कशालाही हात लावू नका. कॉक कोणत्या बाजूला आहे, थ्रॉटल (इंजिनाची पॉवर ठरवणारा दांडा) कुठे आहे, फ्लॅप किती उघडे आहेत, यावर सगळी चौकशी उभी राहते. आपल्याकडे ती विमान अपघात अन्वेषण ब्यूरो करतं, आणि आंतरराष्ट्रीय नियमानुसार प्राथमिक अहवाल तीस दिवसांत अपेक्षित असतो. माणसाला बाहेर काढताना काही हलवावंच लागलं तर आधी एक फोटो काढा.

मांडवीकाठ

ताई, हे फार गरजेचं होतं. वळणातल्या स्टॉलबद्दलचं माझं वाक्य चुकीचं होतं, ते तसंच ठेवून खाली दुरुस्तीचा दुवा देतो.

रिवेट, एक विचारायचं राहिलं. डेन्व्हर यांच्या विमानासारखी अडचण आपल्या विमानात आहे का, हे जमिनीवर तपासता येतं?

रिवेट

येतं, आणि अर्धा तास लागत नाही. दोन माणसं हवीत.

इंजिन बंद, मॅग्नेटोचे (इंजिनाच्या ठिणगीचे) स्विच बंद, चाकांना ठोकळे लावा. जो उडवणार तोच आसनावर बसेल, दुसऱ्या कोणाच्या उंचीचा उपयोग नाही. उड्डाणात जी उशी वापरतो ती घेऊनच. खांद्याचे पट्टे उडताना आवळतो तेवढेच आवळायचे. दुसरा माणूस रडरजवळ उभा राहून रडरच्या मागच्या कडेवर आणि शेजारच्या स्थिर भागावर खडूची एक सलग रेघ ओढेल.

आता बसलेल्यानं डोळे मिटायचे, उजवा हात काठीवर ठेवायचा आणि डाव्या हातानं कॉक एका टाकीवरून दुसरीवर न्यायचा. काठी उजव्या हातात नसेल तर हात बदलून. मूठ सापडायला चाचपावं लागलं, पट्टा सैल करावा लागला किंवा काठीवरचा हात सुटला, तर कॉकची जागा चुकली आहे. मूठ न बघता कोणत्या टाकीवर आहे ते बोटांना कळलं नाही तर मुठीला टोक बसवून घ्या आणि शेजारी ठळक पाटी लावा. हेच पेट्रोल पंपाच्या स्विचला, कार्ब्युरेटरच्या गरम हवेच्या दांड्याला आणि रेडिओच्या बटणाला करायचं. पेट्रोलची काच मात्र डोळे उघडून, मान फार तर खांद्यापर्यंत वळवून दिसली पाहिजे.

सगळं करून झाल्यावर रडरजवळच्याला विचारा, खडूची रेघ मधेच किती तुटली. एकदा जरी बोटभर सरकली असेल तर पाय कोणत्या क्षणी ताणला गेला ते शोधा. आसन पुढे घ्या, पेडल मागे घ्या, कॉकला जोडदांडा बसवा, आणि रेघ जुळेपर्यंत हेच परत करा.